वाळूच्या पेटीतली आवराआवर

तीर्थस्वरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातलेला). तुझे कान कसे आहेत? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलवत नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

तुझी भावजय गेल्यापासून आमची सहा वर्षांची नात तोंडातून शब्द काढत नव्हती, हे तुला ठाऊक आहेच. शेवटी सूनबाईनं खेळातून उपचार करणाऱ्या एक बाई शोधल्या आणि ने-आण माझ्या गळ्यात पडली (घरात रिकामटेकडा मीच). बाई म्हणाल्या, मोठी माणसं बोलून मन मोकळं करतात, मुलं खेळून करतात. आपण नुसतं सोबत बसायचं. शिकवायचं नाही, विचारायचं नाही, आवरायचं नाही. आता चौतीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलेल्या माणसाला हे कसं जमावं? नातीनं वाळूच्या पेटीत पांढऱ्या केसांची बाहुली पुरली. बाईंची पाठ वळताच मी ती उकरून काढली, रुमालानं झटकली आणि फळीवर उंचीप्रमाणे लावून टाकली. पोरीनं असा टाहो फोडला, की शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडचे पेशंट गाल धरून बाहेर आले! बाईंनी मला नजरेनंच दटावलं, पण म्हणाल्या, रडली हे बरं झालं. तीन महिन्यांत ती पहिल्यांदाच रडत होती.

पुढच्या खेपेला तिनं बाहुली पुन्हा पुरली आणि शेजारी एक म्हातारा बाहुला भिंतीकडे तोंड करून बसवला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"हे आजोबा कुणाशीच बोलत नाहीत," ती बाईंना म्हणाली. "म्हणून मीपण नाही बोलत. त्यांना एकटं वाटेल ना."

अक्का, तो बाहुला मीच गं. आणि मला वाटत होतं, मी धीरानं घेतोय! मग आम्ही दोघांनी मिळून वाळू थापली आणि मी रडलो, भांडारपालाला शोभणार नाही इतका.

आता ती अखंड बडबडते. तिला आणायची गरज नाही, असं बाईंनी मागच्या आठवड्यात सांगितलं. मीही मजेत आहे, काळजी नसावी.

तुझा धाकटा

ता. क. मजेत वगैरे काही नाही. दुपारी घरात कुणी नसतं. काल मी तुझ्या भावजयीच्या साड्या रंगाप्रमाणे लावल्या, मोडल्या, पुन्हा लावल्या.

ता. क. दुसरा (आणि खरा). दर गुरुवारी दुपारी मी तुझ्याकडे येतो, असं मुलाला सांगितलंय. त्यानं विचारलं तर हो म्हण. बाई मोठ्यांना घेत नाहीत. पण मी एकटाच त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा म्हणाल्या, "या, बसा."