नेटल मरत नाही

१४ जानेवारी २०२१
ताई पॉझिटिव्ह. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरनं आली ती थेट वरच्या खोलीत, दार बंद. भावोजी नागपुरात अडकलेत. म्हणजे ल्यूकनच्या या घरात मोठा माणूस मी — परदेशी शिकायला आलेला आणि वर्गात महिनाभरही न टिकलेला. वरण करपलं. तेच दाराशी ठेवलं.

१६ जानेवारी
प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) तांदूळ शोधत होतो, आधीच्या भाडेकरूची कॉमिक्स सापडली. तिघं जण, अंगात अचाट शक्ती, म्हणून गावाने हाकललेले. काय माणसं आहेत! तांदूळ राहिला. ब्रेड खाल्ला.

१९ जानेवारी
रोज जिन्यावर बसून स्वरांगीला त्या तिघांची गोष्ट सांगतो. भाची नऊ वर्षांची. मी मराठीत, ती इंग्रजीत. "व्हॉट हॅपन्स टु ब्रिक, मामा?" ब्रिकने पडता पूल खांद्यावर धरला आणि तिथेच दगड झाला. त्याला हाकलणारेच अजून त्याच्यावरनं जातात. ग्लो उजेड देता देता विझली, आता बेकरीत आहे. मला तीच आवडते — विझूनही पहाटे चारला उठते. तिसरी नेटल, दुसऱ्याचं दुखणं स्वतःत ओढून घेणारी.
स्वरांगी म्हणाली, "लाइक आई."

२१ जानेवारी
शेवटचा अंक आधी एकट्याने वाचला. नेटल मरते. अख्ख्या गावाचा ताप अंगावर घेऊन, बंद खोलीत.
अंक पिठाच्या डब्यामागे ढकलला. ताईचा ऑक्सिजन ब्याण्णव.
स्वरांगीला म्हटलं, अंक हरवला, पण मला पाठ आहे. नेटल वाचते. कशी? — तिथेच रचलं. म्हटलं, गावकरी रांग लावतात, जो तो आपला थोडा थोडा ताप परत नेतो.

२३ जानेवारी
एक्याण्णव. ताई दारामागून, "नव्वदच्या खाली गेलं तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. आणि आवाज का कापतोय रे तुझा?"
रांग वाढवली. पोस्टमन, शाळेतल्या बाई. स्वरांगी म्हणाली, "अँड द बस ड्रायव्हर." त्यालाही उभा केला.

२५ जानेवारी
पंच्याण्णव. वरण जमलं.

२८ जानेवारी
ताई खाली आली. पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाली, "पिठामागचा अंक स्वरांगीने त्याच दिवशी वाचला होता. दारातनं मला सांगून गेली — डोन्ट टेल मामा, ही'ज स्केअर्ड."