बरणीत नसलेली काडी

बेमिजी, मिनेसोटा
३ मार्च

प्रिय इर्माकाकू,

तुमचं पत्र आणि विणलेले हातमोजे पोचले. मोजे अगदी मापाचे झाले. तळ्यावरचा बर्फ अजून गाडी पेलतो, पण मासे धरणाऱ्यांनी त्यावरची आपली खोपटी हलवायला घेतली आहेत. शाळेत जेवण वाढायला तुमच्या जागी आलेली बाई मुलांना नावानं ओळखत नाही. "ए निळा स्वेटर, पुढे सरक," म्हणते. मुलं तुमची आठवण काढतात.

तुमच्या नातीला मी वर्गात सांभाळून घेतलं म्हणून तुम्ही माझे आभार मानलेत, त्यामुळे हे पत्र चारदा लिहून फाडलं.

तुम्ही लिहिता, नाताळात तुम्ही दोघी इथून फार्गोला जाईपर्यंत सिग्रिड रोज संध्याकाळी भांडी पुसताना दुसऱ्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला म्हणून दाखवायची. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. आणि शाळेतून आली की एवढंच, "आजही माझी काडी नाही निघाली, आजी. माझं नशीबच फुटकं." आता नव्या शाळेत कुणी विचारलं तर नुसती मान हलवते, तयारीही करत नाही.

काडी निघणार कशी, काकू? ती बरणीत नव्हतीच.

तुम्ही ती बरणी पाहिली आहे. प्रत्येकाच्या नावाची एक काडी, ज्याची निघेल त्यानं बोलायचं, म्हणजे तीच ती धीट पोरं सगळा तास खाऊन टाकत नाहीत. सप्टेंबरात सिग्रिडची निघाली. बीव्हर हा प्राणी ओढ्यात बांध का घालतो, एवढंच सांगायचं होतं. पहिल्याच शब्दाला तिची जीभ अडकली, मागे कुणीतरी खुसखुसलं. दुपारी मी तिची काडी काढून खणात टाकली. पोरीची फजिती नको, असं मनाला समजावलं. घरी नवऱ्यालाही तेच सांगितलं.

खरं वेगळंच आहे. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक वर्ग बघायला येणार होते. मुलं कशी भराभर बोलतात, ते मला त्यांना दाखवायचं होतं. जाताना ते म्हणाले, "व्हर्ना, तुझ्या वर्गात एकही मूल मुकं नाही." मी हसले. नंतर काडी परत टाकायची राहून गेली असं मी तुम्हाला लिहिणार होते, पण राहून गेली नाही. मी टाकली नाही. तिच्यावाचून तास सुरळीत चालायचा.

मी बरणीत हात घातला की पहिल्या बाकावर तिचे ओठ हलायला लागायचे. मला वाटायचं, भीतीनं पुटपुटते. ती उत्तर घोकत होती, हे मला तुमच्या पत्रातून कळलं, आणि मी स्वयंपाकघरात बसून रडले.

तिला नशिबाला बोल लावू देऊ नका. बाईंनीच तुझं नाव काढून टाकलं, असं स्पष्ट सांगा. रविवारी दुपारी मी फोन करीन. तिला घ्यायचा नसेल तर आग्रह करू नका. पण घेतला, तर तिला कितीही वेळ लागो, मी मध्ये बोलणार नाही. निदान माझ्यावर रागवायला तरी तिनं तोंड उघडावं.

तिचं एकही उत्तर पुरतं न ऐकलेली,
तिची बाई,
व्हर्ना