बिनलसणाची चटणी

सोलापूर, डिसेंबर १९३१

प्रिय आक्का,

तुला नमस्कार, दाजींनाही. तुमच्या घरात अक्षर त्यांनाच कळतं, म्हणजे पत्र तेच वाचून दाखवणार. तेव्हा आधीच सांगते, दाजी, मधलं काही गाळू नका.

आम्ही सगळी खुशाल आहोत. हे गिरणीत जातात. एस्तेर मिशनच्या शाळेत चौथीत आहे आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते. आमचा आगमनकाळ चालू आहे. म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार प्रभूची वाट पाहायची. पहिल्या रविवारी दिव्यात एक वात, दुसऱ्या रविवारी दोन, अशा वाढवत जायच्या. दिवा आईचाच गं, दगडी, कड फुटलेला. सांजेला एस्तेर वाती लावते, हे शास्त्र वाचतात, मग गाणं म्हणून आम्ही जेवायला बसतो. त्या दिवशी एक पान जास्त मांडायचं, ही आमच्या घरची रीत. प्रभू कुणाच्या रूपानं दारात येईल सांगता येत नाही ना. कधी एखादा वाटसरू येतो, कधी शेजारच्या सावित्रम्मा. बहुतेकदा कुणीच येत नाही आणि ते पान एस्तेर संपवते.

मागच्या गड्ड्याच्या यात्रेला तू आली होतीस, ते काही डोळ्यांपुढून जात नाही. डोक्यावर घोंगड्यांचं ओझं घेऊन समोरच्या लिंबाखाली उभी राहिलीस. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर तू हात मागे घेतलास. इथलं पाणी प्याले तर तुझे दाजी उंबरा ओलांडू देणार नाहीत, एवढंच म्हणालीस. मला लई राग आला, आक्का. अजून आहे. बाटले म्हणून काय मी तुझी बहीण राहिले नाही? त्या रागात तुझ्या पायाचं कुरूप कसं आहे, हे विचारायचंही राहून गेलं. आता बरं आहे का?

गेल्या रविवारी एस्तेर त्या जादा पानाकडे बघत बसली होती. त्या पानापुरती शेंगाची चटणी मी वेगळी कुटते, हे तिनं कधीचं हेरलं होतं. म्हणाली, "आई, प्रभूला लसूण चालत न्हाय व्हय?"

हे हसले. मी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. लसूण तुला चालत नाही, लहानपणापासून. वास आला की ताटावरून उठायचीस आणि आईची बोलणी खायचीस. बाप्तिस्मा झाल्यापासून दर आगमनकाळात त्या पानावर मी बिनलसणाची चटणी वाढत आले, आणि का, ते माझं मलाच कळलं नव्हतं. जेवण झाल्यावर ह्यांनी दौत पुढे सरकवली. म्हणाले, "प्रभू रागावणार नाही. तिला बोलाव."

म्हणून हे पत्र. नाताळला ये. दाजी, तुम्हीही या. आमचं पाणी पिऊ नका, अन्नाला शिवू नका, मी आग्रह करणार नाही. भाकरी तुमच्याच बांधून आणा, तांब्या तुमचा आणा. चटणीसुद्धा तुझीच आण, आक्का. पत्रावळ मी बाजारातून कोरी आणून ठेवलीय, ती तुझ्या हातानं मांड. तिच्यावर तुझी भाकरी ठेव आणि एकदा माझ्या शेजारी बसून जेव. इथं मला सगळे मार्था म्हणतात. तू लिंबाखालून जुन्या नावानंच हाक मार, मी दारातच असेन.

तुझीच,
केरा