आबांच्या हाताचं वजन

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून, नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघा कसा आहे? तेल लावून काही उपयोग नाही असं डॉक्टर म्हणाले, तरी तू लावतेस आणि डॉक्टरांना सांगत नाहीस, हेही कळलं. आम्ही सगळे ठीक. पुढच्या महिन्यात आठ दिवस येते आहेस हे वाचून घरात आनंद झाला (मला जरा धाकधूकही वाटली, त्याचं कारण खाली लिहितो).

तू विचारलंस की चार वर्षांच्या नातीला एवढं झालंय तरी काय, की आठवड्यातून दोनदा थेरपीला न्यावं लागतं. ताप नाही, खोकला नाही. थेरपिस्टबाईंनी समजावलं ते असं, की आपल्याला जे नुसतं लागतं ते तिला टोचतं आणि आपल्याला जे ऐकू येतं ते तिच्या अंगावर येतं. मानेवरचं लेबल, मोज्याची शिवण, केस विंचरणं, नखं कापणं. आमच्याकडे मिक्सर लावायचा तर आधी घरभर सूचना दिली जाते. उलट जड, घट्ट, दाबलेलं असं काही असलं की तिचा जीव शांत होतो. बटाट्यांची पिशवी दुकानापासून घरापर्यंत छातीशी कवटाळून स्वतः आणते, म्हणून मी तिला मुंगी म्हणतो. (हाही बाईंनी सांगितलेला घरचा उपाय आहे. मला आधी वाटलं, सूनबाई पोरीला कामाला जुंपते.) तू लिहिलंस, आपल्या काळी दोन धपाटे घातले की असलं सगळं जागच्या जागी बसायचं. तुझं हे मत मी बाईंच्या कानावर घातलं. मी लहानपणी कसा होतो एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शहाणा, कसलीही तक्रार नसलेला. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आता माझं दुखणं सांगतो. मुंगी सगळ्यांकडे जायची, माझ्याकडे नाही. मी शेजारी बसलो की उठायची. मायेने डोक्यावरून हात फिरवला, तर अंगावर पाल पडल्यासारखी किंचाळायची. अडतीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो, मला पाहून दुकानदार मागच्या दाराने पसार व्हायचे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण सख्खी नात मला पाहून सोफ्यामागे जाते याचं फार वाईट वाटायचं. एकदा चिडून मी तिला नाटकी म्हणालो. ते तिला बरोबर कळलं. पुढे महिनाभर ती माझ्या खोलीवरून जाताना पलीकडच्या भिंतीला घासून जायची.

शेवटी सूनबाई मलाच बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी माझा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "आबा, हात फार हलका आहे तुमचा." (हे ऐकायला ते पळणारे दुकानदार हवे होते.) हळुवार हात फिरवला की तिला काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं. आधी विचारायचं, मग पूर्ण तळवा टेकवून, नीट दाब देऊन ठेवायचा. म्हणजे मी जेवढी माया करत होतो तेवढा तिला त्रास होत होता. मी विचारलं, दाब किती? किलोत सांगा. त्या म्हणाल्या, तसं माप नसतं, तिला विचारायचं, तिचा चेहरा बघून ठरवायचं. ताई, चेहरा बघून माप ठरवणाऱ्यांवर मी आयुष्यभर खटले भरले.

घरी येऊन स्वयंपाकघरातला काट्याचा वजनकाटा घेतला आणि त्यावर तळवा दाबायचा सराव सुरू केला. डोळे मिटून अर्धा किलो, एक किलो, दीड किलो. आठवड्यात मी दहा-वीस ग्रॅमच्या फरकापर्यंत आलो. (सूनबाईचा केक मात्र अंदाजपंचे होऊ लागला.) मध्येच बाईंनी मांडीवर ठेवायची एक जड पिशवी दिली, मूल चित्र काढताना स्थिर बसावं म्हणून. वर लिहिलंय एक किलो, भरली नऊशे साठ ग्रॅम. मी सवयीप्रमाणे तीन प्रतींत नोटीस तयार केली. ती चिरंजीवांनी माझ्या हातून काढून घेतली.

मग गादीचा प्रयोग. पातळ गादीत मुलाला गुंडाळायचं, डोकं बाहेर, आणि वरून उशीने दाबायचं. मुंगी माझ्या हातून गुंडाळून घेईना, म्हणून सूनबाई म्हणाली, आधी तुम्ही व्हा. मी आडवा झालो, दोघींनी मला गुंडाळलं, मुंगी उशी घेऊन वर बसली. तेवढ्यात बेल वाजली आणि आमचे जुने वरिष्ठ, सहज म्हणून, आत आले. मला उठता येईना. ते गृहस्थ खुर्चीवर बसून पंधरा मिनिटं खात्यातल्या नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यांबद्दल बोलले आणि मी त्यांच्या मोज्यांकडे बघत हो हो म्हणत राहिलो. जाताना त्यांनी सूनबाईला हळूच विचारलं, कधीपासून आहे हे? पण एवढा वेळ मुंगी माझ्यावरून उठली नाही, आणि ते मला पुरे होतं.

गेल्या गुरुवारी मी काट्यावर तळवा दाबत होतो, तर ती येऊन उभी राहिली. "काय करतोयस?" म्हटलं, माझा हात किती जड आहे ते शिकतोय. तुला किती हवा? तिने माझा तळवा काट्यावर ठेवला, त्यावर स्वतःचे दोन्ही हात ठेवून दाबत गेली आणि एका जागी थांबली. "एवढा." काटा दोन किलोच्या जरा पुढे होता. मग माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी तिच्या खांद्यांवर हात ठेवले. "अजून," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता बरोबर." अडतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मापांवर शिक्के मारले, माझ्या हातावर हा पहिलाच. मला रडू आलं. ती तशीच उभी होती, म्हणून डोळे पुसायला हात काढता आला नाही.

घरातल्या सर्वांचा तुला नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. धाकधुकीचं कारण : येशील तेव्हा बांगड्या कमी घाल, ते सुवासिक तेल आणू नकोस, आणि दारातच पोरीचा गालगुच्चा घेऊ नकोस. आधी विचार. धपाट्यांचं मत तिकडेच कपाटात ठेवून ये.

आणखी एक. बाईंच्या त्या प्रश्नचिन्हाने मला झोप लागेना, म्हणून आठवून पाहिलं. बुटांच्या नाड्या तीनदा आवळल्याशिवाय मी शाळेला निघत नसे, आणि आवळायचीस तू. माझा नवा शर्ट टोचू नये म्हणून आठवडाभर आधी स्वतः घालून मऊ करायचीस तू. पाहुणे आले की मला गाद्यांमध्ये घालून वर बसायचीस, तीही तूच. धपाटे आई घालायची, त्याने काहीही जागच्या जागी बसलं नाही. हे सगळं मी बाईंना सांगितलं. तुला हे कुणी शिकवलं, ते त्यांना विचारायचंय. मंगळवारची वेळ घेऊन ठेवली आहे, नाही म्हणू नकोस.

शेवटचं. ती जड पिशवी मुंगी वापरत नाही. हे पत्र लिहिताना ती पिशवी माझ्याच मांडीवर आहे. चाळीस ग्रॅम कमी आहेत, हे जाणवतं.