माझ्या हातची गाठ

३ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचा. बसने पुलापाशी सोडलं आणि सामान खांद्यावर टाकून मी नदीकाठच्या पायवाटेने निघालो. रस्त्याने लवकर पोचलो असतो, पण अशी नदी दिसल्यावर रस्त्याने कोण जातं? पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजून घ्यावेत. आवाज मात्र असा की स्वतःचं गुणगुणणं स्वतःला ऐकू येईना. बरंच आहे म्हणा, माझं गाणं कुणी ऐकू नये असंच आहे.

खोली वरच्या मजल्यावर, जिना उभा, खिडकी थेट नदीवर. टेबल भक्कम, उजेड भरपूर. शिंप्याला आणखी काय हवं? खाली घरमालकीणबाई एकट्या राहतात. मी जन्मभर शिवणकाम केलं हे कळल्यावर लगेच मला 'मास्तर' म्हणायला लागल्या. त्यांच्याकडचे नदीच्या बाजूचे पडदे मधोमध एकमेकांना शिवून टाकलेत, तेही वेड्यावाकड्या धावदोऱ्याने. मी म्हटलं, निदान टीप तरी सरळ घालून देतो. त्या हसल्या नाहीत. अजून कोण येणार आहे, विचारलं. मुलगा, म्हटलं. त्याचा तुमच्यावर जीव आहे का, असंही विचारलं. आता याला काय सांगायचं? म्हटलं, नसता तर म्हाताऱ्याबरोबर सुट्टी घालवायला कशाला येतोय.

४ ऑक्टोबर, मंगळवार

मुलाचं घरातलं नाव टिल्लू. दारातून वाकून यावं लागतं तरी टिल्लूच. त्याची आई गेली त्या वर्षी आम्ही दोघांनी ठरवलं होतं, एकदा डोंगरातल्या नदीवर जाऊन खोट्या माशीने मासे धरायचे. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. या खेपेला रजा मिळाली, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपासून, १५ तारखेपासून. मी आधी येऊन तयारी करायची, पाण्यावर कुठले किडे उडतात ते बघून तशा माश्या बांधून ठेवायच्या, असं ठरलं. 'बाबा, तुम्ही मासे पकडाल की त्यांची मापं घ्याल?' म्हणाला. वात्रट कुठला.

माशी बांधायला मी रद्दीतल्या एका पुस्तकावरून शिकलो. गळावर पीस, केस, लोकर दोऱ्याने बांधून किडा बनवायचा, बस. आज माझ्या राखाडी स्वेटरची एक बाही उसवली. लोकर अंगाला, पंखांना माझेच पांढरे केस. शेवटी माझी गाठ. दोन वेढे सुलट, एक उलट, आणि दोरा दाताने तोडायचा. ही गाठ मला कुणी शिकवली नाही, माझी मीच काढली. उरलेले धागे, केस, कात्रणं खिडकीतून नदीत टाकली. टेबल कसं लख्ख.

पुस्तक म्हणतं, माशी हुबेहूब नसली तरी चालते. वाहत्या पाण्यात, दुरून, भुकेल्या माशाला पटली की झालं. मासा संशयाने थबकलाच तर ओढायचं नाही. दोरी जराशी हलवायची. निर्जीव गोष्ट हलली की तो सगळा संशय विसरतो.

टिल्लूला पत्र टाकलं. रस्ता सोड, नदीकाठानेच ये. घराच्या अलीकडे पाण्यात एक सपाट खडक आहे, तिथे मी टोपी घालून बसलेला दिसेन. हात वर केला की समज, मासे लागलेत.

६ ऑक्टोबर, गुरुवार

खडकावर बसून सराव केला. दोरी फेकायला जमतंय. पण माश्या मात्र एकामागून एक गेल्या. हिसका नाही, ओढ नाही. कुणी चिमटीत धरून अलगद सोडवून घ्यावी तशी माशी जाते. दोरी तुटलेली नसते, गाठ सुटलेली असते. माझी गाठ सुटत नाही हो.

वाऱ्याने टोपीही नेली. लेकाने पहिल्या पगारात घेऊन दिलेली. वरच्या डोहाकडे तरंगत गेली. प्रवाहाच्या उलट. भोवरा असणार.

८ ऑक्टोबर, शनिवार

काठाशी उथळ पाण्यात मुठीएवढं बोचकं सापडलं. शेवाळ, राखाडी लोकर, चार पांढरे केस. माझ्याच हरवलेल्या माश्यांचा गुंता म्हणून हसलो. मग गाठ दिसली. दोन वेढे सुलट आणि तिसरा चुकलेला. शिकाऊ पोरं चुकतात तसा.

हसू आवरलं. माश्या आणि कात्रणं मिळून चिमूटभरच लोकर पाण्यात गेली होती. एवढी लोकर आली कुठून?

१० ऑक्टोबर, सोमवार

आज दुसरं. लहान मुलाएवढं. हात आहेत, पाय आहेत, एक खांदा उतरलेला. माझा उजवा खांदा उतरलेला आहे, यंत्रावर वाकून वाकून.

गाठ बरोबर होती.

काठीने पाण्यात लोटून दिलं. खिडकीतून आता काही टाकत नाही. उशिराच सुचलं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

बाईंनी वहीखाली धरायला पाटी दिलीय, पडून लिहितोय.

सकाळी खिडकीतून खडकावर कुणीतरी बसलेलं दिसलं. राखाडी पाठ, डोक्यावर माझी टोपी. वाटलं, कुणी भला माणूस टोपी परत द्यायला आलाय. खाली गेलो. जवळ जाईपर्यंत तो माणूसच होता. जवळ गेल्यावर काटक्या, शेवाळ, लोकर. चेहऱ्याच्या जागी नुसतेच गुंडाळलेले वेढे. मी मागे सरकलो, आणि पुन्हा मीच बसलेला. दुरून बघावं तर हुबेहूब मी.

मानेपाशी गाठ. त्या गाठीतून एक दोरा निघालेला, वरच्या डोहात गेलेला. ताणलेला.

गाठ सोडवायला हात घातला आणि पाय निसटला. दोन खडकांमध्ये नडगी मोडली. बाईंनी मला दोर टाकून ओढून काढलं, माझ्या बगलेत खांदा देऊन पायरी पायरीने वर चढवलं. सगळा वेळ त्यांचे डोळे मिटलेले.

१२ ऑक्टोबर, बुधवार

बाईंनी पायाला फळ्या बांधल्या. डॉक्टर सोमवारी येतील म्हणे. खाली उतरणं अशक्य.

आज बोलल्या. त्यांची बहीण त्यांना भेटायला आली होती, बरीच वर्षं झाली. नदीकाठाने आली. "मास्तर, ती मला भेटायला पाण्यात गेली. मी स्वयंपाकघरात होते."

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? म्हणाल्या, इतक्या वर्षांत काही दिसलं नव्हतं. मग स्वतःच म्हणाल्या, शिवलेल्या पडद्याआडून दिसणार तरी काय.

म्हणजे त्या डोहात जे काही आहे, त्याला मी नको आहे. मी तर नुसता —

माशी कुणी खात नाही. माशीने धरतात.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

इथे मोबाइल लागत नाही. बाईंना दुकानातल्या फोनवर पाठवलं. येऊ नकोस, एवढंच सांगा म्हटलं होतं. त्याने कारण विचारलं, यांना सुचेना, पाय मोडल्याचं सांगून बसल्या. तर तो म्हणाला, मग आजच निघतो. शनिवारची वाट नाही बघत. बाबांना सांगा, काळजी करू नका.

पुन्हा फोन केला तर बंद. बसमध्ये बसला असणार.

बाईंना दोष कसा देऊ. नदीकाठाने ये, हे मीच लिहिलं. खडकावर दिसेन, हेही मीच. पाय मोडलाय तर खडकावर कसा असेन, एवढं त्याच्या लक्षात यायला हवं. येईल. पण दूरचं दिसत नाही त्याला, आणि चष्मा खिशात ठेवायची खोड —

आज ते पुन्हा खडकावर बसलंय. खांदा बरोबर उतरलाय.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

बाई पहाटेच पुलाकडे गेल्या, त्याला अडवायला. रस्त्याने. नदीकाठाने त्या जात नाहीत.

पलंगावरून सरपटत खिडकीशी आलोय. जिना उतरून बघितला, दुसऱ्याच पायरीवर शुद्ध गेली.

बस येऊन गेली असेल.

— पायवाटेवर कुणीतरी. उंच. टिल्लूच. एकटा. बाईंची चुकामूक —

ओरडतोय. नदी सगळं गिळते. बूट फेकला, कंदील फेकला. वहीची कोरी पानं फाडून मोठ्या अक्षरांत लिहून टाकतोय, वर बघ, वर बघ. सगळी पाण्यात जातात. दुसरं काही हातात नाही.

खडक दिसला त्याला. हसतोय. पिशवी खाली ठेवली. बूट काढतोय.

पाण्यात गुडघ्याएवढा.

थांबला. थांबला! पाय मोडल्याचं आठवलं असेल. कपाळावर हात धरून बघतोय. खिशात चष्मा शोधतोय. शहाणं माझं लेकरू. आता घराकडे बघ. मी इथे आहे. वर —

मान वळवतोय. घराकडे. हो, इकडे —

दोरा हलला.

खडकावरच्या त्याने माझ्यासारखा हात वर