बोलिव्हियाहून सोबत आलेलं

६ फेब्रुवारी २०१२
हे पडले! पिपलानीच्या बाजारात, स्कूटर सुरू करता करता. डोळ्यांपुढे अंधारीच आली म्हणे. भाजीवाल्यानं उचलून बसवलं. मला म्हणाला, 'भाभीजी, घबराइए मत.' नाडी फार मंद. हॉस्पिटलात ठेवून घेतलंय. सुनंदा सासरहून, कोलार रोडवरून, जावयांना घेऊन धावत आली.

८ फेब्रुवारी
हृदय मोठं झालंय. ना ब्लडप्रेशर, ना साखर, ना सिगरेट. मग कशानं? डॉ. सक्सेनांनाही कळेना.

९ फेब्रुवारी
पेसमेकर बसला. शुद्धीवर येताच चहा मागितला!

११ फेब्रुवारी
डॉक्टरांनी एकदम विचारलं — 'कभी साउथ अमेरिका में रहे हैं?' मी चमकले. सत्त्याऐंशी साली कारखान्यानं ह्यांना टर्बाइन बसवायला बोलिव्हियाला पाठवलं होतं. दोन वर्षं राहिलो. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर. छपरात ढेकणासारखे मोठे किडे? — होते की! झाडूनं मारायचे मी. एकदा ह्यांचा एक डोळा आठवडाभर सुजला होता. किती हसलो होतो त्यांना!

डॉक्टर म्हणाले, त्या किड्याच्या घाणीतून जंतू अंगात जातो, डोळ्यातूनही. हृदयाच्या स्नायूंच्या पेशीत शिरतो, तिथंच वाढतो, पेशी फोडून शेजारच्या पेशीत. फुटली ती गेली. तिथं नवी येत नाही, नुसता व्रण राहतो. उरलेल्या पेशी तिचं काम ओढतात, आणि थकतात.

इतकी वर्षं! आम्ही क्वार्टर बदललं, सुनंदाचं लग्न केलं, पडद्याच्या रंगावरून भांडलो — आणि आत हे चाललेलं. दुखलं नाही, खुपलं नाही. मी रोज शेजारी होते. मला कसं कळलं नाही?

२० फेब्रुवारी
दिल्लीला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. तेच. हे म्हणाले, 'टर्बाइन अजून फिरत असेल बघ. मीच बंद पडलो.' मी रागावले. मग ते हळूच म्हणाले, 'तुला उगाच नेलं तिकडे.' मी त्यांचा हात धरून बसले.

निघताना डॉक्टर म्हणाले, 'भाभीजी, आपका भी टेस्ट करा लेते हैं.' दिलं रक्त. मला काय होणार!

२ मार्च
माझाही पॉझिटिव्ह. अंगात काही म्हणजे काही त्रास नाही, तरी!

आईकडून पोटातल्या बाळाला जाऊ शकतो, म्हणाले. सुनंदा बोलिव्हियातच झालेली. लगेच फोन केला — 'उद्याच रक्त तपासून घे.'  ती म्हणाली, 'आई, रविवारी घरी येऊन सांगणार होते गं. मला दिवस गेलेत.'