तुमच्या भजनांवर भरलेली कॅसेट

बाबा, आई अजून आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ती सौसरच्या माझ्या घरात खिडकीपाशी बसून दर शनिवारी तुमची भजनं मागते. "लाव नं ती कॅसेट," म्हणते, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच कपाळावर हात मारून घेते, "कुठून लावशीन तू, मीच त भंगारवाल्याले देऊन टाकली." माझं नाव ती विसरते. जेवली की नाही, तेही तिला आठवत नाही. एवढं मात्र विसरत नाही, आणि नेमकं एवढंच खोटं आहे. कॅसेट भंगारात गेली नाही. माझ्याकडे आहे. हे तुम्हाला आणि मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

गोटमारीचा, नदीच्या दोन काठांवरून दगडफेक होते त्या जत्रेचा दिवस होता. पांढुर्ण्याचा बाजार बंद, तुम्ही कामाला होतात ती कापसाची जिनिंग बंद, सारं गाव नदीवर, आई शेजारच्या गच्चीवरून पाहत होती. मी मात्र तिगावहून सायकल हाणत आलो होतो. तिथल्या स्टेशनमास्तरांच्या मुलाकडे त्या इंग्रजी बँडची कॅसेट होती. त्यांची बदली झालेली, संध्याकाळच्या गाडीनं ते सामानासकट निघणार होते. मला ती तेवढ्या वेळापुरती मिळाली होती. महिनाभर त्याच्या घरी बसून मी तीच ऐकत होतो. गिटार सुरू झाली की कुणी पत्र्याचं अख्खं गोदाम फरफटत नेतंय असं वाटायचं, आणि त्यावर तो गाणारा, गळा फाडून, पण सूर न सोडता. शब्द एक कळत नव्हता. तरी वाटायचं, हा माणूस आपल्याच मनातलं ओरडून राहिला. मी काम शिकत होतो त्या रेडिओच्या दुकानाची चावी माझ्याकडे होती, एका कॅसेटवरून दुसरीवर भरणारं दोन खणांचं मशीन तिथं होतं, फक्त कोरी कॅसेट नव्हती. ती तुमच्याकडे मागितली. "आज कोरी कॅसेट?" तुम्ही हसलात. "आज पांढुर्ण्यात चहा नाही भेटून राहिला, पोट्ट्या!" मग माझ्या तोंडाकडे पाहिलंत, उठलात, आणि फळीवरची तुमची कॅसेट काढलीत. जामसांवलीच्या देवळात तुमच्या भजनी मंडळाच्या गाण्याची.

"बाबा, याच्यात तुमचे भजनं हायेत."

"मंग? मी काय मरून राहिलो का बे? पुन्हा गाईन, पुन्हा भरून देजो."

कुणी चुकूनसुद्धा वर भरू नये म्हणून मागची दोन प्लास्टिकची पाती तुम्हीच तोडून ठेवली होती. आता वर भरता यावं म्हणून त्या दोन भोकांत बिडीच्या बंडलाचा कागद घडी करून तुम्हीच बोटानं दाबून बसवलात. "जाय. गाडी निघून जाईन त्याची."

दुसऱ्या दिवशी मी घरात ती वाजवली तेव्हा आधी तुम्ही दारातूनच ओरडलात, "काहून बे, कोणाले मारून राहिले हे लोकं?" मग आत येऊन टेपशेजारी बसलात. जिनिंगमध्ये बेअरिंग तपासताना पेचकसाचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचात, तसे मिटलेत. दोन गाणी झाली. "तो ढोलवाला पायानं जे दाबते नं, ते किर्र करून राहिलं. तेल पाहिजे त्याले." मी परत मागं नेऊन ऐकलं. खरंच होतं. मला कान आहेत हे तोवर मला माहीत नव्हतं. त्या कानांवर मी पुढं सारं उभं केलं, बाबा, लग्नांचे साउंड, दुकान, हे घर. गर्दीतून जाता जाता कुठल्या पेटीचा कोणता स्पीकर गेलाय ते मी सांगतो, आणि पोरं कानाला हात लावतात.

माघात तुम्ही गेलात. जिनिंगमधून माणूस निरोप घेऊन आला, आम्ही पोचलो तेव्हा तुमचं अंग थंड होतं. पुन्हा भरायचं राहिलं. दहाव्याच्या दिवशी आईनं त्या कॅसेटसाठी फळी शोधली, पेट्या शोधल्या, आणि मग खालीच बसली. "दिवाळीच्या झाडझुडीत मी डबाभर सामान भंगारवाल्याले देलं. त्याच्यातच गेली." मी तिच्यासमोर उभा होतो. "गेली असन," म्हणालो. एवढंच. पुढची सगळी वर्षं या दोन शब्दांवर काढली.

त्या बँडवरचं माझं प्रेम कमी झालं असतं तर बरं झालं असतं. ते झालं नाही. त्यांची प्रत्येक कॅसेट, प्रत्येक सीडी घेतली. आता ते म्हातारे झालेत, गाणी एक सूर खाली उतरवून वाजवतात, गळ्याला झेपत नाही. लोकांना कळत नाही, मला कळतं. पण ती पहिली कॅसेट लावली की प्रत्येक दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत मी थांबतो. तुमचा एखादा सूर, टाळ, निदान खोकला. महागातले हेडफोन आणले, नागपूरहून मशीन आणलं. काही नाही. असणारही नाही. गोटमारीच्या आदल्याच दिवशी मी दुकानातल्या त्या मशीनचं, आधीचं भरलेलं पुसणारं हेड स्पिरिटनं घासून लख्ख केलं होतं. नवा होतो, काम चोख करायचो.

परवाच्या शनिवारी तिनं पुन्हा कपाळावर हात मारला आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. तिच्या पायाशी बसलो. सगळं सांगितलं, गोटमार, तिगाव, बँड. तुम्ही स्वतः दिली हे मात्र सांगितलं नाही. मेलेल्या माणसावर कुठं ढकलू? "माय, तू नाही देली कोणाले. म्या पुसली." ती पुढं वाकली. मग माझ्या टकलावरून हात फिरवला. "माह्यासाठी खोटं नको बोलू रे. लहानपणापासून असाच हायेस तू, दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेतेस. मीच देली."

मी दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. कॅसेट तिच्या हातात द्यायला हवी होती, वाजवून दाखवायला हवी होती. हे पत्र कुठं टाकायचं तेही ठाऊक नाही, म्हणून या वहीतच लिहितो. तिचा हात डोक्यावर होता, बाबा, आणि तिनं माझं खरं मानलं नाही याचं मला बरं वाटलं.